उसनी मते : पुणे, १९५७ ते १९६२

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेस पहिल्यापेक्षा बळकट होऊन लोकसभेत परतली. १९५२ मध्ये तिला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या होत्या, या वेळी ४९४ पैकी ३७१ मिळाल्या. पंडित नेहरूंच्या लोकप्रियतेला देशात कुठे उतार लागल्याचे दिसत नव्हते. त्याच निवडणुकीत पुण्याने काकासाहेब गाडगीळांना पाडले. काकासाहेब म्हणजे कुणी दिल्लीहून लादलेला उमेदवार नव्हता. स्वातंत्र्यचळवळीत वारंवार तुरुंगात गेलेले, तिसाच्या दशकात केशवराव जेध्यांच्या साथीने बहुजन समाजाला काँग्रेसकडे वळवणारे, स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती सांभाळलेले ते गृहस्थ. १९५२ मध्ये याच शहराने त्यांना निवडून दिले होते. शिवाय मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा, हे त्यांचे मत जगजाहीर होते आणि ते त्यांनी लोकसभेत ठणकावून मांडलेही होते. त्यांना हरवणारे नानासाहेब गोरे प्रजा समाजवादी पक्षाचे होते आणि त्या पक्षाची एकट्याची ताकद काँग्रेसच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, हीच जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. लोकांमधून उभी राहिलेली चळवळ पक्षांच्या निवडणुकीतल्या नशिबाचे नेमके काय करते, हे तपासायला या पाच वर्षांइतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडत नाही. माझे म्हणणे असे आहे की चळवळ पक्षांना मते मिळवून देते, पण ती उसनी असतात. मागणी अडून राहिली आहे आणि तिच्या बाजूचे लोक एकत्र आहेत, तोवरच ती टिकतात. मागणी मान्य झाली की मते परत जातात, आणि पुष्कळदा ज्याला त्यांनी पाडले होते त्याच्याच पदरात पडतात.

हा लढा पुण्यात उभा राहिला त्याच्या मागे दहा वर्षांची तयारी होती. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला आणि त्याच वर्षी शंकरराव देवांच्या पुढाकाराने संयुक्त महाराष्ट्र परिषद निघाली. परिषदेचा मार्ग अर्ज, निवेदने, शिष्टमंडळे आणि युक्तिवादाचा होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अभ्यासक आकडेवारीनिशी बाजू मांडत होते. मुंबईचे पाणी, वीज, मजूर आणि बाजारपेठ सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या मराठी मुलखाशी कशी बांधलेली आहे, हे दाखवून देत होते. दार आयोग झाला, जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभि यांची समिती झाली, १९५३ चा नागपूर करार झाला, मग फाजल अली यांचा राज्य पुनर्रचना आयोग आला. १९५५ च्या शरदात त्याचा अहवाल बाहेर पडला तेव्हा मराठवाडा आणि गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य, वेगळा विदर्भ आणि बेळगाव-कारवार कर्नाटकात, अशी त्याची शिफारस होती. दहा वर्षांच्या सभ्य युक्तिवादाला मिळालेले हे उत्तर होते. परिषदेत काँग्रेसचेच पुढारी पुढे होते, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. मागणी मुळात काँग्रेसविरोधी नव्हती. देव, भाऊसाहेब हिरे, देवगिरीकर, काकासाहेब या सगळ्यांना ती मान्य होती. काँग्रेसने ती वेळेवर पदरात घेतली असती तर १९५७ ची निवडणूक तिने पुण्यातही सहज जिंकली असती, असे मानायला पुरेपूर जागा आहे.

नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेसश्रेष्ठींनी तीन राज्यांची योजना पुढे केली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई वेगळी. त्याच महिन्याच्या २० तारखेला चौपाटीच्या सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी मराठी माणसाच्या जखमेवर मीठ चोळले, आणि दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनवर गोळीबार होऊन १५ जण ठार झाले. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले. पुन्हा उद्रेक, पुन्हा गोळ्या. चळवळ संपेपर्यंत हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. इकडे यशवंतराव चव्हाणांनी फलटणला आपला कौल देऊन टाकला होता: संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, असा प्रश्न आला तर ते नेहरूंच्या बाजूने राहणार होते. काँग्रेसमधल्या मराठी पुढाऱ्यांपुढे मागणी की पक्ष अशी निवड उभी राहिली आणि बहुतेकांनी पक्ष निवडला. मागणीला आता काँग्रेसच्या बाहेर घर शोधणे भाग होते. ते तिला पुण्यात मिळाले. ६ फेब्रुवारी १९५६ ला टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कॉम्रेड डांगे अध्यक्ष, डॉ. त्र्यं. रा. नरवणे उपाध्यक्ष आणि एस. एम. जोशी चिटणीस झाले. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, लाल निशाण आणि पुढे हिंदुमहासभा व जनसंघही तिच्यात आले.

एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे पक्ष एकाच व्यासपीठावर बसले याचे अनेकांना नवल वाटले. पण पुण्याने त्याची तालीम आधीच केलेली होती. १९५४ मध्ये इथेच गोवा विमोचन सहायक समिती निघाली होती. तिच्यात जेधे होते, ‘केसरी’चे जयंतराव टिळक होते, समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, जनसंघवाले होते. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. नानासाहेबांना पोर्तुगीजांनी दहा वर्षांची शिक्षा ठोठावून आग्वादच्या किल्ल्यात ठेवले. सत्याग्रहींची नावे नोंदवणे, त्यांना सीमेपर्यंत पोचवणे, घरच्यांची विचारपूस करणे, पैसा उभा करणे ही कामे या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र करत होते. समितीच्या व्यासपीठावर पुढाऱ्यांनी हात हातात घेतले ते छायाचित्रात दिसते. पेठांमधल्या कार्यकर्त्यांना मात्र एकमेकांची सवय त्याआधीच झालेली होती, आणि निवडणुकीत कामाला येते ती हीच सवय. नानासाहेब फेब्रुवारी १९५७ मध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, सुटून आले आणि समितीचे उमेदवार म्हणून काकासाहेबांसमोर उभे राहिले.

चळवळीचे मतांत रूपांतर आपोआप होत नाही. सभेला लाख माणूस जमते आणि मतपेटीत त्याचे प्रतिबिंबही पडत नाही, हा अनुभव भारतातल्या अनेक आंदोलनांनी घेतला आहे. पुणे जिल्ह्यातच १९८० मध्ये चाकणच्या कांद्यापासून शरद जोशींची शेतकरी चळवळ पेटली. शेतकऱ्यांच्या अर्थशास्त्राकडे पाहण्याची दृष्टी तिने बदलली, पण तिच्या ताकदीच्या मानाने विधानसभेतल्या जागा नगण्य राहिल्या. समितीने १९५७ मध्ये जे साधले त्याला एक साधा नियम कारण होता: एका जागेला एकच उमेदवार. समिती हा निवडणूक आयोगाच्या दप्तरी पक्ष नव्हता. प्रत्येक घटक पक्षाचा उमेदवार आपापल्या चिन्हावर किंवा अपक्ष म्हणून लढत होता. त्यामुळे कम्युनिस्टांच्या चिन्हावर शिक्का मारायला हिंदुमहासभेच्या घरातल्या माणसाला, आणि जनसंघाच्या उमेदवारासाठी राबायला शेकापच्या कार्यकर्त्याला पटवून द्यावे लागत होते. हे पटवण्याचे काम एस. एम. जोशींच्या स्वभावाशिवाय झाले असते असे मला वाटत नाही. जागावाटपात आपल्या पक्षाच्या पदरात कमी पडले तरी ते हटून बसत नसत, आणि म्हणून इतरांना हटून बसायला तोंड राहत नसे. बाकीचे काम सभांनी, अत्र्यांच्या ‘मराठा’ने आणि अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर यांच्या शाहिरीने केले. ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत निघाला, निवडणुकीला तेव्हा जेमतेम तीन-चार महिने उरले होते. केंद्रशासित मुंबईचा बेत मागे पडून १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आणि गुजराती मुलखाचे द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले होते आणि यशवंतराव मुख्यमंत्री झाले होते. मुंबई मिळाली, विदर्भ-मराठवाडाही आला, आता भांडण कशाचे, असा काँग्रेसचा प्रचार होता. लोकांना तो पटला नाही. गोळीबाराच्या वेळी ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्याकडून आलेली ती तडजोड होती.

पुढे काय घडले ते आकडेच सांगतात. नानासाहेब लोकसभेवर गेले, एस. एम. पुण्यातूनच विधानसभेवर गेले. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, राजापूरहून नाथ पै, नाशिकहून दादासाहेब गायकवाड, मुंबईतून डांगे लोकसभेवर निवडून आले. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काँग्रेस साफ कोसळली. खुद्द मुख्यमंत्री चव्हाण कऱ्हाडमधून अगदी थोड्या मतांनी वाचले. देशभरात जनसंघाचे त्या वेळी चार खासदार निवडून आले. त्यांपैकी दोन, धुळ्याचे उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीचे प्रेमजीभाई आशर, समितीच्या लाटेवर आलेले होते. पुणे जिल्ह्यात मावळातून रामभाऊ म्हाळगी विधानसभेवर गेले तेही तसेच. पण द्विभाषिक राज्याच्या ३९६ जागांपैकी २३४ जागा काँग्रेसलाच मिळाल्या आणि यशवंतरावांचे सरकार टिकले, कारण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातचा मोठा भाग काँग्रेसबरोबर राहिला. यातला फरक नीट पाहण्यासारखा आहे. नेहरू सगळीकडे तेच होते, काँग्रेस तीच होती, पंचवार्षिक योजना तीच होती. जिथे चळवळ खोल गेली होती तिथे काँग्रेस हरली. विदर्भात स्वतंत्र राज्याची भाषा प्रबळ होती आणि मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतून सुटल्याला जेमतेम आठ-नऊ वर्षे झाली होती, तिथे ती टिकली. गुजरातेत अहमदाबादच्या परिसरात इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात जनता परिषदेने तिला घाम फोडला, तोही याच कारणाने.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो बेरजेचा. १९५२ मध्ये विरोधकांची मते फुटली म्हणून काँग्रेस जिंकली, १९५७ मध्ये ती जुळली म्हणून हरली, यात चळवळीचा काय संबंध, असे म्हणणारे म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. एकास एक लढत झाली नसती तर काकासाहेब पुण्यातून कदाचित पुन्हा निवडून आले असते. पण ही बेरीज झाली कशी, याचे उत्तर आक्षेप देत नाही. १९५२ मध्येही समाजवादी, शेकाप आणि कम्युनिस्ट होतेच आणि काँग्रेसला हरवण्याची इच्छाही होती. तरी ते एकत्र आले नाहीत. फ्लोरा फाउंटननंतर अडीच महिन्यांत आले. कारण आता जो वेगळा उमेदवार उभा करील त्याला आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच गावात तोंड दाखवणे कठीण झाले असते. एकी पुढाऱ्यांनी केली हे खरे, पण ती करण्याची सक्ती लोकांची होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उदाहरण घ्या. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये मराठी मुलखाची एकाहून अधिक राज्ये असावीत असे मत मांडले होते, आणि बलाढ्य जातींच्या राज्यात दलितांचे काय होईल हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. तरीही त्यांचा पक्ष समितीत आला आणि दादासाहेब गायकवाडांसारखे नेते तिचे आधारस्तंभ झाले. जागांची नुसती आकडेमोड एवढे अंतर तोडू शकत नाही.

दुसरा आक्षेप खास पुण्यापुरता आहे. १९४८ च्या गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीपासून इथला ब्राह्मण मध्यमवर्ग काँग्रेसवर रागावलेला होता, त्याने १९५७ मध्ये तो राग काढला, असे सांगितले जाते. हा राग होता, तो कुणी नाकारू नये. पण १९४८ नंतर चारच वर्षांनी, तो ताजा असताना, याच शहराने काकासाहेबांना निवडून दिले, पुणे दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव काँग्रेसच्याच तिकिटावर गेल्या. आणि ज्या साताऱ्यात ब्राह्मणेतर चळवळीची आणि पत्री सरकारची मुळे होती, त्या साताऱ्याने नाना पाटलांना निवडून देताना सदाशिव पेठेशी काही मसलत केलेली नव्हती. जो निकाल पेठेत आणि पाटलाच्या वाड्यात, गिरणीत आणि महारवाड्यात एकसारखा लागतो, तो एका जातीच्या रागाने समजत नाही. नानासाहेब गोव्याच्या तुरुंगातून आल्यामुळे त्यांना सहानुभूती मिळाली, असेही म्हणतात. मिळालीच असणार. तीही एका चळवळीनेच कमावून दिलेली होती.

काकासाहेबांच्या पराभवाचे मला मात्र वाईट वाटते, आणि लोकशाहीचा विचार करणाऱ्याला ते वाटावे. मागणीविषयी त्यांच्यात आणि त्यांना पाडणाऱ्या मतदारांत मतभेद नव्हता. त्यांनी पक्ष सोडला नाही एवढेच. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि ते मराठी माणसाच्या गळ्यातले ताईत झाले. काकासाहेबांनी आत राहून भांडणे पसंत केले आणि त्यांना घरी बसावे लागले. चळवळीच्या निवडणुकीत उमेदवाराचे मत मोजले जात नाही, तो कुठल्या बाजूला उभा आहे ते मोजले जाते. हा अन्याय आहे, पण आंधळा नाही. काकासाहेब निवडून आले असते तर दिल्लीने त्याचा अर्थ असा लावला असता की पुण्यालाही द्विभाषिक मान्य आहे, मग काकासाहेबांनी सभागृहात कितीही विरोधी भाषणे केली तरी. मतदाराजवळ बोलायला पाच वर्षांतून एकदाच शिक्का असतो. त्याने तो दिल्लीला वाचता येईल अशा ठिकाणी मारला.

आणि दिल्लीने तो वाचला, यशवंतरावांनी तर सर्वांत आधी वाचला. चळवळीने काँग्रेसला हरवले ही अर्धीच कथा आहे, तिने काँग्रेसला शिकवले ही उरलेली अर्धी. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा समितीने पसरणी घाट आणि वाई परिसरात प्रचंड निदर्शने केली. एस. एम. आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शांततेने पार पाडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या त्या माणसांना गुंड ठरवणे शक्य नव्हते. द्विभाषिकाचे ओझे घेऊन पुढच्या निवडणुकीला गेलो तर पश्चिम महाराष्ट्र कायमचा हातचा जाईल, हे चव्हाणांना उघड दिसत होते आणि त्यांनी ते श्रेष्ठींच्या कानावर घालण्यात कसूर केली नाही. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, प्रश्न पुन्हा उघडला गेला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. मंगल कलश यशवंतरावांनी आणला, असे काँग्रेसने सांगितले. समितीच्या कार्यकर्त्यांना ते फार झोंबले आणि झोंबणे स्वाभाविक होते. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, ज्यांच्या घरची माणसे गोळीला बळी पडली, त्यांच्या डोळ्यांदेखत श्रेय दुसरीकडे गेले. पण मतदाराच्या बाजूने पाहिले तर त्याने काही कृतघ्नपणा केला नाही. त्याने सरकारला एक मागणी घातली होती, सरकारने ती मान्य केली, हिशेब पुरा झाला. जेध्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये बारामतीची लोकसभा पोटनिवडणूक झाली. तिथे समितीच्या बाजूने शेकापचे वसंतराव पवार उभे होते आणि काँग्रेसचे गुलाबराव जेधे. पवारांच्या घरात शेकापचे वातावरण असूनही धाकटे शरद पवार भावाच्या विरोधात काँग्रेसचा प्रचार करत होते. जिंकले गुलाबराव. एका घरात जे झाले ते जिल्ह्यात होऊ लागले होते.

समितीच्याही घराचे वासे निखळू लागले होते. राज्य मिळाल्यावर समिती ठेवायची की मोडायची, हा वाद होता. तिबेट आणि सीमेवरच्या चिनी हालचालींनी कम्युनिस्ट आणि समाजवादी यांच्यात उभा दावा मांडला होता. प्रजा समाजवादी पक्ष बाहेर पडला. बेळगाव-कारवार राहिले आहे, अशी आठवण जे करून देत होते त्यांचे खरे होते, पण पुण्याच्या मतदाराला ज्या गोष्टीने पेटवले होते ती मुंबई होती, आणि ती मिळाली होती. फेब्रुवारी १९६२ मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ आणि लोकसभेच्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. १९५७ मध्ये द्विभाषिक राज्यात प्रजा समाजवादींना ३६, शेकापला ३१, कम्युनिस्टांना १३ आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनलाही १३ जागा होत्या. आता प्रजा समाजवादी ९, शेकाप १५, कम्युनिस्ट ६ आणि फेडरेशनच्या जागी आलेला रिपब्लिकन पक्ष ३. जनसंघाला विधानसभेत एकही नाही. मुंबईत डांगे पडले. पुण्याची लोकसभेची जागा काँग्रेसच्या शंकरराव मोऱ्यांनी जिंकली. हे मोरे म्हणजे जेध्यांबरोबर शेतकरी कामगार पक्ष काढणारे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून निम्मे जुने पुणे पाण्याखाली गेले होते, नदीकाठच्या पेठांतले संसार वाहून गेले होते आणि निवडणूक अवघ्या सात महिन्यांवर होती. सरकारवर रागावायला पुणेकरांजवळ त्याहून मोठे कारण कोणते असू शकले असते? तरी काँग्रेस जिंकली. सुट्या सुट्या घरांत धुमसणारा राग आणि चळवळ यांत अंतर असते, ते इथे दिसते.

काँग्रेसच्या या पुनरुत्थानाचे श्रेय सहकारी साखर कारखान्यांना, येऊ घातलेल्या जिल्हा परिषदांना आणि यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाला द्यावे, असे राजकारणाचे अभ्यासक म्हणतात. या गोष्टींनी काँग्रेसची सत्ता पुढची वीस वर्षे टिकवली, यात शंका नाही. पण कारखाने आणि बँका १९५७ मध्येही उभ्या राहत होत्या, प्रवरानगरचा कारखाना तर त्याही आधीचा. ज्या शेकाप कार्यकर्त्याला यशवंतरावांनी पुढे काँग्रेसमध्ये ओढले, त्याला १९५७ मध्ये त्यांनी साखर कारखाना देऊ केला असता तरी तो गेला नसता, गेला असता तर गावाने त्याला उभे केले नसते. असे शेकडो लोक काँग्रेसकडे जाऊ शकले, कारण १ मे १९६० नंतर तिकडे जाण्यात शरम उरली नव्हती. बेरजेच्या राजकारणाला वाट मोकळी झाली ती मागणी मान्य झाल्यामुळे.

पुण्याने पुढे हाच धडा थोड्या फरकाने गिरवला. १९६७ मध्ये एस. एम. संयुक्त समाजवादी पक्षातर्फे लोकसभेवर गेले, १९७१ मध्ये काँग्रेसच्या मोहन धारियांनी ही जागा घेतली. धारियांनी जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असे म्हटले म्हणून त्यांचे मंत्रिपद गेले, आणीबाणीत ते तुरुंगात गेले आणि १९७७ मध्ये तेच धारिया जनता पक्षातर्फे पुण्यातून निवडून आले. आणीबाणी उठली होती, ती लादणाऱ्यांना धडा मिळाला होता, जनता पक्ष आपापसांत फुटला होता. १९८० मध्ये पुण्याने काँग्रेसचे विठ्ठलराव गाडगीळ यांना निवडून दिले. ते काकासाहेबांचे चिरंजीव.

मागणी मान्य झाली नसती तर काय झाले असते, हे मात्र पुण्यात पाहता येत नाही. ते पाहायला बेळगावला जावे लागते. तिथे लढा तोच होता, पण १९६० चा दिवस तिथल्या मराठी माणसाच्या वाट्याला आला नाही. पुण्यातली समिती पाच-सहा वर्षांत विरघळली, बेळगावची महाराष्ट्र एकीकरण समिती मात्र पुढची कित्येक दशके कर्नाटकच्या विधानसभेत आमदार पाठवत राहिली. केंद्रात आणि बंगळुरात सरकारे बदलली, लाटा आल्या आणि गेल्या, सीमाभागातल्या मराठी मतदाराचा शिक्का हलला नाही. १९५७ च्या मतांना मागणीने धरून ठेवले होते, पक्षांनी नव्हे, याचा यापेक्षा सबळ पुरावा मला माहीत नाही. आणि एकीच्या नियमाचाही पुरावा तिथेच आहे. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले. नंतर तिच्यात गट पडले, एकेका जागेला समितीच्याच नावाने दोन-दोन उमेदवार उभे राहू लागले, आणि २०१८ मध्ये व २०२३ मध्ये तिचा एकही आमदार आला नाही. या दोहोंच्या मध्ये, २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत, समितीने एकच तरुण उमेदवार दिला तेव्हा त्याला एक लाखाहून अधिक मते पडली. मतदार जागेवर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कार्यकर्त्यांनी १९५७ च्या पुण्यातून दुसरे काही घेतले नाही तरी चालेल, पण पुढच्या वेळी अर्ज मागे घेण्याच्या दिवसापर्यंत एका जागेला एकच नाव उरेल एवढे करावे.